सपाटपणाचा ध्यास : सर जोसेफ व्हिटवर्थ

व्हिटवर्थ हे नाव काढलं की आपल्यापैकी बहुतेकांना एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे ५५ अंश. मशीन ड्रॉइंगच्या शीटवर आट्यांचे प्रकार काढायचे असतात. मेट्रिक ६०, व्हिटवर्थ ५५, अ‍ॅक्मे २९. व्हायव्हाच्या आदल्या रात्री हे आकडे घोकायचे आणि सबमिशन झालं की विसरायचे. या ५५ अंशांच्या मागे एक हाडामासाचा माणूस होता, तो गिरणीतली ठरलेली गादी सोडून पळाला होता, त्याच्या बंदुकीतून खुद्द राणीने गोळी झाडली होती आणि तरीही आपल्याच सरकारशी तो वर्षानुवर्षं भांडत राहिला, हे काही शीटवर लिहिलेलं नसतं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मराठीत एवढं लांब लिहायची ही पहिलीच वेळ. तांत्रिक शब्द वर्कशॉपमध्ये आपण बोलतो तेच ठेवले आहेत. सिलिंडरला दंडगोल म्हटलं असतं तर आमच्या वर्कशॉपच्या काकांनाही मी कशाबद्दल बोलतेय ते कळलं नसतं.

या माणसाच्या वाटेला मी गेले ती एका इंजिनामुळे. आमच्या प्रॅक्टिकलसाठी वर्कशॉपमध्ये एका जुन्या जीपचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन खोललं होतं. हेड गॅस्केट गेलेलं. रेडिएटरमध्ये बुडबुडे यायचे, आणि डिपस्टिक काढली तर ऑइलच्या जागी दूध घातलेल्या चहासारखं काहीतरी. कॉम्प्युटर आणि सिव्हिलच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक, वरचं झाकण म्हणजे हेड, आणि दोघांच्या मध्ये दाबून बसवलेला पातळ थर म्हणजे गॅस्केट. या एका पातळ थराने सिलिंडरमधला जळता गॅस, कूलंट आणि ऑइल या तिघांना एकमेकांपासून लांब ठेवायचं असतं. तो एका ठिकाणी जरी फुटला तरी तिघांची भेट होते आणि इंजिनाची वाट लागते.

नवं गॅस्केट आणून बसवलं की काम झालं असं आम्हाला वाटत होतं. काकांचं म्हणणं, गॅस्केट बसवायला अर्धा तास, पण ब्लॉकचा फेस तयार करायला अख्खा दिवस. त्यांनी आधी चारही सिलिंडरमध्ये चिंध्या कोंबल्या, ऑइलच्या आणि पाण्याच्या भोकांवर टेप लावला, आणि मगच जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे काढायला सांगितले. तेही सॉल्व्हंट लावून, थांबून, प्लॅस्टिकच्या पट्टीने. आमच्या बॅचमधला एकजण उत्साहाने एमरी पेपर घेऊन आला. काकांनी तो न बोलता त्याच्या हातातून काढून घेतला आणि खिशात घातला.

मग आली स्ट्रेट एज, म्हणजे धार अगदी सरळ केलेली पोलादी पट्टी. ती ब्लॉकवर उभी धरायची आणि खालून फिलर गेजची पाती सरकवायची. आधी लांबीत दोन्ही कडांना, मग आडवी, प्रत्येक दोन सिलिंडरच्या मध्ये, आणि शेवटी दोन्ही कर्णांवर. ०.०५ मिलिमीटरची पाती आत गेली की कान टवकारायचे. ०.१ ची गेली तर बऱ्याच इंजिनांच्या मॅन्युअलप्रमाणे ब्लॉक फेसिंगला टाकायची वेळ आली. नेमका आकडा ज्या त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पाहायचा. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, की ही पट्टीच सरळ आहे हे कशावरून? काकांनी हनुवटीने कोपऱ्यातल्या सरफेस प्लेटकडे खूण केली, पट्टी तिच्यावर तपासतात म्हणून. मग ती प्लेट सपाट आहे हे कशावरून? तिच्याहून चांगली प्लेट कुठेतरी असेल, पण ती तरी कशावरून? प्रश्न हसण्यावारी गेला. मला मात्र तो रात्री मेसमध्येसुद्धा सुटेना. जगात पहिली सपाट गोष्ट कुणी केली असेल, आणि कशाशी ताडून पाहिली असेल? लायब्ररीत शोधलं, आणि उत्तराच्या टोकाला व्हिटवर्थ भेटला.

जोसेफ व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ चा, इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा. वडील शाळामास्तर, पुढे धर्मोपदेशक झाले. शाळा झाली ब्रॅडफर्डजवळच्या आयडल नावाच्या गावात. (इंग्रजीत या शब्दाचा अर्थ रिकामटेकडा असा होतो, आणि तिथून निघाला हा असा माणूस!) चौदाव्या वर्षी शाळा संपली आणि त्याला डर्बीशरमधल्या एका नातेवाइकाच्या सूतगिरणीत पाठवलं. तिथे शिकायचं, गिरणी सांभाळायची आणि पुढेमागे मालक व्हायचं, असा घरच्यांचा सरळ हिशोब. आपल्याकडे वडिलांचं दुकान असलेल्या मुलाचं जसं ठरलेलं असतं तसंच. पण त्याला कापसापेक्षा कापूस पिंजणाऱ्या यंत्रांत रस होता. काही वर्षं काढून १८२१ च्या सुमारास तो तिथून निघाला आणि मँचेस्टरला साधा मेकॅनिक म्हणून कामाला लागला. मालकाच्या खुर्चीवरून उठून स्वतःहून कामगाराच्या बाकावर जाऊन बसणं, हे आज तरी आपल्यापैकी किती जण करतील?

१८२५ मध्ये फॅनी अँकर्स हिच्याशी लग्न करून तो लंडनला गेला. हेन्री मॉडस्ले या माणसाच्या कारखान्यात काम मिळवणं हे त्या काळच्या कारागिराचं स्वप्न असायचं, आणि ते त्याला मिळालं. मॉडस्लेच्या कारखान्याला त्या काळची आय.आय.टी. म्हणायला हरकत नाही. स्क्रू कापायचं लेथ त्याने नावारूपाला आणलं होतं, आणि त्याच्याकडे एक बेंच मायक्रोमीटर होता, त्याला सगळे लॉर्ड चॅन्सेलर म्हणत, कारण मापाच्या भांडणात त्याचा निकाल शेवटचा. कारागिरांच्या बाकांवर सपाट लोखंडी प्लेटही ठेवलेल्या असत, हातातलं काम त्यावर ठेवून तपासायला.

इथे व्हिटवर्थच्या डोक्यात सपाटपणा शिरला. दिवसा कारखान्यात काम आणि उरलेल्या वेळात घरी प्लेटांचे प्रयोग, असं त्याचं चालायचं. त्याच्या शेजारच्या बाकावर जॉन हॅम्पसन नावाचा यॉर्कशरचा कारागीर होता. शेवटी व्हिटवर्थने त्याला घरी नेऊन आपल्या प्लेटा दाखवल्या आणि तो जुना मुरलेला माणूस थक्क झाला, अशी हकिकत त्याच्या चरित्रांत येते.

आता ही युक्ती नीट समजून घ्या, कारण सगळा लेख इथेच आहे. अ आणि ब या दोन प्लेटा एकमेकींवर रंग लावून जुळवल्या, तर त्या सपाट झाल्या असं म्हणता येत नाही. अ मध्यभागी किंचित फुगीर आणि ब तेवढीच खोलगट असेल तरी दोघी घट्ट बसतात. फसवणूक पकडायला तिसरी प्लेट लागते. क ही प्लेट अ शी जुळवा. अ फुगीर असेल तर ब सारखीच क सुद्धा खोलगट होणार. आता ब आणि क समोरासमोर ठेवा. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून ठेवल्यासारखं होतं, कडा टेकतात आणि मध्ये पोकळी. रंग फक्त कडांना लागतो आणि चोरी उघडी पडते. मग उंच जागा थोड्या थोड्या उतरवायच्या आणि पुन्हा अ-ब, ब-क, क-अ. तिघींच्या तिन्ही जोड्या जुळल्या की तिघीही सपाट. बाहेरून कुठलंही माप आणावं लागत नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर हे होतं, आणि ते वाचल्यावर मला खरंच खूप बरं वाटलं.

यातही एक गोम आहे. तिन्ही प्लेटा सारख्याच पिळवटलेल्या असतील, पाय वाकड्या खाटेसारख्या, तर तिन्ही जोड्या जुळूनसुद्धा सपाट नसतात. म्हणून मध्येच एक प्लेट काटकोनात फिरवून पुन्हा रंग पाहायचा. ब्लॉकवर पट्टी दोन्ही कर्णांवर का धरायला लावतात ते मला इथे कळलं. लांबीत आणि रुंदीत अगदी सरळ दिसणारा फेस कर्णावर पिळलेला असू शकतो.

तीन प्लेटांची कल्पना मूळ मॉडस्लेची की व्हिटवर्थची यावर वाद आहे. मॉडस्लेच्या कारखान्यात सपाट प्लेटा आधीपासून होत्या, हे तर वर आलंच. माझ्या मते व्हिटवर्थचं मोठेपण दुसऱ्या गोष्टीत आहे. तोवर अशा प्लेटांचं शेवटचं फिनिशिंग एमरीची पूड टाकून एकमेकींवर घासून करत. त्याने ते बंद करायला लावलं आणि स्क्रेपरने हाताने खरवडायची पद्धत आणली. १८४० मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनपुढे त्याने जो निबंध वाचला, तो याच विषयावर होता. घासण्यावर त्याचा राग का? एक तर पूड सगळीकडे सारखी पसरत नाही, कडेला जास्त खाते आणि एका प्लेटची चूक दुसरीच्या अंगावर उतरवते. दुसरं म्हणजे, घासताना उंच जागेबरोबर सखल जागाही झिजते, तेव्हा आपण नक्की काय काढलं ते कळतच नाही. आणि एमरीचे कण लोखंडाच्या छिद्रांत रुतून बसतात, ते नंतरही काम करत राहतात. स्क्रेपर मात्र रंगाने दाखवलेला उंच ठिपका तेवढाच उचलतो. घासलेली प्लेट आरशासारखी चमकते. खरवडलेली दिसायला ठिपक्याठिपक्यांची, पण खरी.

काकांनी एमरी पेपर खिशात का घातला ते आता सांगायला नकोच. तरी सांगते, कारण हॉस्टेलमधले बरेच जण सुटीत गॅरेजला ट्रेनिंगला जातात आणि तिथे ड्रिल मशीनला खरखरीत डिस्क लावून पाच मिनिटांत ब्लॉक चकचकीत केलेला पाहतात. ती डिस्क गॅस्केटचा तुकडा काढते आणि त्याच्या शेजारचं लोखंडही काढते, दोन सिलिंडरमधल्या अरुंद पट्टीवर तर हमखास. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर काही सेकंदांत खड्डा. डोळ्याला तो दिसत नाही, फिलरलाच कळतो. शिवाय डिस्कचे झडलेले कण ऑइलच्या वाटेने बेअरिंगपर्यंत जातात, म्हणजे गॅस्केट बदलायला आलेली गाडी काही दिवसांत क्रँकसाठी परत. आजची पोलादी थरांची गॅस्केटं तर आणखी नाजूक. त्यांना साधारण ०.८ मायक्रॉन आर.ए. इतका गुळगुळीत फेस लागतो. हा फेस मशीनवर येतो, हातात कागद घेऊन येत नाही. एमरी पेपर बोटाखाली धरला की बोटाचा आकार फेसवर उतरणार, हे व्हिटवर्थने १८४० मध्येच सांगून ठेवल्यासारखं आहे.

१८३३ मध्ये तो मँचेस्टरला परतला आणि पोर्ट स्ट्रीटवर वाफेच्या शक्तीची सोय असलेली जागा भाड्याने घेतली. बाहेर पाटी लावली, तिच्यावर नाव, टूलमेकर हा धंदा, आणि लंडनहून आलेला अशी जोड. (आपल्याकडे फॉरेन रिटर्न्ड लिहितात तसंच!) लंडनमध्ये मॉडस्लेनंतर त्याने जोसेफ क्लेमंटकडेही काम केलं होतं. बॅबेजच्या डिफरन्स इंजिनाचे भाग करणारा तो हाच क्लेमंट, तेव्हा कॉम्प्युटरच्या मंडळींचंही थोडं नातं लागतं. मँचेस्टरला लेथ, प्लेनिंग, ड्रिलिंग, स्लॉटिंग अशी यंत्रं त्याने एकामागून एक केली आणि ती जगभर गेली. १८४२ मध्ये घोड्याने ओढायचं रस्ते झाडायचं यंत्रसुद्धा केलं. सपाटीची आणि स्वच्छतेची हौस कुठवर जावी!

पण ज्या कामामुळे तो आपल्या शीटवर आला ते १८४१ चं. तोपर्यंत प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागायचा नाही, आणि रेल्वेचं इंजिन दूर कुठे बिघडलं तर त्याच कारखान्याचा बोल्ट मागवायचा. व्हिटवर्थने काय केलं, तर ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्टांचे नमुने गोळा केले आणि मोजले. आट्यांच्या कोनांची सरासरी ५५ अंश आली, तोच कोन सगळ्यांना ठरवला, आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टला इंचात किती आटे हे पक्कं केलं. पाव इंचाला २०, अर्ध्या इंचाला १२, एक इंचाला ८. म्हणजे तो पाठ करायचा ५५ कुठल्या मोठ्या थिअरीतून आलेला नाही. लोक जे आधीच करत होते त्याचा मध्य काढला, म्हणून कुणालाच फार बदलावं लागलं नाही आणि सगळ्यांनी ते घेतलं. सुपरफास्ट डोक्याच्या माणसाने स्वतःचा वेगळाच कोन काढून सगळ्यांवर लादला असता, आणि तो बहुधा त्याच्याच कपाटात राहिला असता. व्हिटवर्थसारख्या अहंकारी माणसाला हे शहाणपण इथे सुचलं आणि पुढे बंदुकीच्या वेळी सुचलं नाही, याचं मला नवल वाटतं.

याचा उपयोग पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसला तो क्रिमियाच्या युद्धात. आरमाराला छोट्या युद्धनौकांसाठी घाईने इंजिनं हवी होती. जॉन पेन या कारखानदाराने नमुन्याच्या इंजिनाचे भाग वेगळे करून वेगवेगळ्या कारखान्यांना वाटून दिले आणि ९० इंजिनं ९० दिवसांत उभी केली. आटे सगळीकडे सारखे होते म्हणूनच हे जमलं.

ब्लॉककडे परत यायचं तर, हेडचे बोल्ट ज्या भोकांत जातात ती साफ करणं हे फेसइतकंच महत्त्वाचं काम आहे आणि नेमकं तेच सगळे विसरतात. आट्यांत गंज, कार्बन, जुनं सीलंट असलं की टॉर्क रेंच ठरलेला आकडा दाखवतो, पण ती ताकद घर्षणातच जाते आणि हेड दाबलंच जात नाही. भोक खालून बंद असेल आणि तळाशी ऑइल किंवा कूलंट साठलं असेल तर आणखी वाईट. बोल्ट आवळताना द्रव दबत नाही, ब्लॉकच तडकतो. म्हणून भोकं हवेने फुंकून कोरडी करायची, डोळ्यांना चष्मा लावून. आणि आटे साफ करायला कापणारा टॅप नाही, तर चेझर वापरायचा. टॅप नवं मटेरियल कापतो आणि आटे सैल करतो, चेझर फक्त मळ काढून आटे सरळ करतो. इथेही तोच व्हिटवर्थ, काढायचं ते नेमकं तेवढंच.

आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि आता इंजिनाच्या बोल्टांवर व्हिटवर्थ सहसा सापडत नाही. पण हॉस्टेलच्या बाथरूममधला अर्ध्या इंचाचा नळ काढून पाहा. (रेक्टर सरांना विचारून!) पाइपच्या आट्यांत व्हिटवर्थचाच ५५ अंश आजही आहे, अर्ध्या इंचाच्या पाइपला इंचात १४ आटे. गॅरेजमध्ये मिस्त्री चार सूत म्हणतो तेव्हा त्याला अर्धा इंच म्हणायचं असतं, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. व्हिटवर्थला स्वतःला हे आठवे-सोळावे भाग आवडत नसत. इंच दशांशात मोजा म्हणून त्याने १८५७ मध्ये आग्रह धरला. इंचाचा हजारावा भाग, म्हणजे आपला थाऊ, हे कारखान्यातलं रोजचं माप होण्यात त्याचा मोठा वाटा आहे. आपल्या फिलरची ०.०५ ची पाती म्हणजे जवळपास दोन थाऊ.

मोजण्याच्या बाबतीत तर तो वेडाच होता असं म्हणावं लागेल. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याची यंत्रं आणि मोजमापाचं साधन सगळ्यांच्या नजरेत भरलं. पुढे त्याने इंचाचा दहा लाखावा भाग दाखवणारं यंत्र केलं. हिशोब आपल्यालाही कळेल इतका सोपा आहे. इंचात २० आटे असलेला स्क्रू, त्यावर २०० दात्यांचं वर्मव्हील, आणि वर्मच्या चाकावर २५० भाग. २० गुणिले २०० गुणिले २५०, झाले दहा लाख. खरी गंमत पुढे आहे. मोजायची वस्तू टेकली की नाही हे तो डोळ्याने ठरवत नसे. मध्ये एक छोटी समांतर बाजूंची पोलादी चकती ठेवायची. ती अडकून राहिली तर टेकलंय, आणि स्क्रू दहा लाखाव्या भागाने सैल केला की चकती आपल्या वजनाने खाली घसरते. दिसण्यापेक्षा स्पर्शावर त्याचा विश्वास. फिलरची पाती पट्टीखाली सरकते, की किंचित अडते, की जातच नाही, हे बोटांना कळतं ती त्याच घराण्यातली विद्या आहे. मेकॅनिकलला आम्ही मुली मोजक्याच, आणि फिलर पकडायला आधी सगळ्या बिचकत होतो, पण अर्ध्या तासात हाताला तो अडकाव कळायला लागतो.

आता बंदूक. क्रिमियाच्या युद्धात सरकारने त्याला एनफिल्ड रायफल बनवायची यंत्रं करायला सांगितली. त्याने उलट आधी रायफलच तपासून पाहतो म्हणून सांगितलं आणि मँचेस्टरच्या आपल्या घराच्या आवारात ५०० यार्डांची नेमबाजीची जागा बांधून घेतली. निघाली ती सहाकोनी नळीची, ०.४५ इंचाची रायफल, तिची पिळवट एनफिल्डपेक्षा कितीतरी जास्त, २० इंचांत एक फेरा. १८५७ च्या चाचण्यांत तिने एनफिल्डला साफ हरवलं. (ही एनफिल्ड म्हणजे तीच, जिच्या काडतुसांच्या चरबीवरून त्याच वर्षी आपल्याकडे बराकपूर आणि मीरत पेटलं.) २ जुलै १८६० ला विम्बल्डनच्या मैदानावर व्हिक्टोरिया राणीने स्टँडवर पक्क्या बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलची दोरी ओढली आणि ४०० यार्डांवरच्या निशाणाच्या मध्याजवळ गोळी लागली. तरीही लष्कराने रायफल घेतली नाही. नळी अरुंद, दारूच्या काजळीने लवकर भरते, आणि किंमत कितीतरी जास्त. व्हिटवर्थला हा अन्याय वाटला, आणि तोफांच्या बाबतीत आर्मस्ट्राँगशी त्याची जी चुरस लागली तीत कडवटपणा आणखी वाढला.

मला विचाराल तर लष्कराचं अगदीच चुकलं नव्हतं. कागदावर अचूक असलेली वस्तू चिखलात, घाईत, थकलेल्या शिपायाच्या हातात चालली पाहिजे. आट्यांच्या वेळी त्याने आधी लोकांचे बोल्ट गोळा केले होते, बंदुकीच्या वेळी मात्र आपलाच आकडा खरा म्हणून बसला. त्या रायफली थोड्या संख्येने अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडे गेल्या. १८६४ मध्ये उत्तरेचा जनरल सेजविक दूरवरून आलेल्या गोळीने मेला, ती व्हिटवर्थचीच असं मानलं जातं. सपाट प्लेटांचं वेड असलेल्या माणसाचं नाव अशाही गोष्टीशी जोडलं गेलं. चरित्र लिहिताना हा भाग गाळावासा वाटतो, पण गाळू नये.

स्वभावाने तो हट्टी आणि फटकळ होता. फॅनीशी संसार फार काळ नीट टिकला नाही, शेवटच्या काळात दोघं वेगळी राहत. ती १८७० मध्ये गेली, आणि पुढच्या वर्षी त्याने दुसरं लग्न केलं. १८६९ मध्ये बॅरोनेट झाला, म्हणून आपण सर म्हणतो. मूलबाळ नव्हतं.

पैसा मात्र त्याने जिथे घातला ते पाहण्यासारखं आहे. १८६८ मध्ये त्याने वर्षाला १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या सुरू केल्या, २६ वर्षांखालच्या तरुणांसाठी. अट अशी, की गणित, मेकॅनिक्स यांची परीक्षा द्यायची आणि लेथ, व्हाइस, भट्टी अशा हाताच्या कामाचीही द्यायची. नुसता पुस्तकी चालणार नाही आणि नुसता कारागीरही चालणार नाही. आपल्याकडे आजही याचं वाटप ठरलेलं आहे, डिग्रीवाल्याने ड्रॉइंग काढायचं आणि आय.टी.आय.वाल्याने हात काळे करायचे. वर्कशॉपचा जॉब सीनियरकडून उसना आणून नंबर खोडून सबमिट करणारे आपल्या हॉस्टेलमध्ये किती आहेत ते मी इथे लिहीत नाही, कारण अंक सगळे सर वाचतात. पण ज्याने ब्लॉकवर एकदाही पट्टी धरली नाही तो उद्या ड्रॉइंगवर फ्लॅटनेस ०.०५ असं लिहील तेव्हा त्याला नक्की काय हवंय हे त्याला कळेल का, अशी मला शंका आहे. व्हिटवर्थलाही असावी, म्हणून तर अट घातली.

१८७४ मध्ये त्याने कारखान्याची कंपनी केली आणि त्यात फोरमन आणि कामगारांनाही वाटा घेता येईल अशी सोय ठेवली. या काळात त्याचं लक्ष पोलादावर होतं. वितळलेलं पोलाद घट्ट होतानाच प्रचंड दाबाखाली ठेवायचं म्हणजे आत बुडबुडे राहत नाहीत, अशी त्याची पद्धत. मोठ्या तोफांचे आणि जहाजांच्या शाफ्टचे भाग तसे होऊ लागले. तब्येत ढासळत गेली तसा तो हिवाळ्यात इंग्लंड सोडून उबदार हवेत जायला लागला. २२ जानेवारी १८८७ ला माँटे कार्लो इथे तो वारला. डर्बीशरमधल्या डार्ली डेल या गावी, जिथे त्याचा मोठा वाडा होता, तिथल्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, त्याची कंपनी ज्याच्याशी तो आयुष्यभर भांडला त्या आर्मस्ट्राँगच्या कंपनीत मिसळली. मागे राहिलेल्या संपत्तीतून मँचेस्टरमध्ये बाग झाली, चित्रांचं संग्रहालय झालं, विद्यापीठाचं सभागृह झालं. शिष्यवृत्त्या अजून दिल्या जातात.